सातबारा भांडुपला, शेणाची पाटी गावाला: खताचा निर्णय कोणी घ्यायचा?

भांडुप_पश्चिम विचारतात:

महाड तालुक्यात ३५ गुंठे सामाईक जमीन आहे. २५ गुंठे भातखाचर आणि १० गुंठे वरकस (उताराची हलकी जमीन), त्यात नाचणी आणि घरामागे थोडी भाजी. सातबाऱ्यावर आम्ही दोघे भाऊ आणि काका. तिघेही मुंबईत. गावी आई आणि वहिनी. लावणी, बेणणी (तण काढणं), शेण वाहणं, राबाचा, म्हणजे रोपवाटिकेची जागा भाजायचा, पातेरा (वाळका पाला) गोळा करणं, सगळं त्या दोघींकडे. खत मात्र मुंबईतून ठरतं. मे महिन्यात सुट्टीला गेलो की सुफला (नत्र, स्फुरद, पालाशचं मिश्र खत) आणि युरियाच्या गोण्या टाकून येतो, दुसरा युरिया गणपतीत जाऊन फेकतो.

माती तपासून घेतली. सामू (पीएच) ५.६, सेंद्रिय कर्ब ०.९ टक्के, स्फुरद कमी, पालाश मध्यम. कागद माझ्या नावावर आला, व्हॉट्सअॅपवर. वहिनींनी तो पाहिलेला नाही.

भात वाढतं हिरवंगार, पण पळिंज (पोचट दाणे) फार आणि लोळतंही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खत वाढवावं का? आणि चुना टाकावा का? भाऊ म्हणतो गोणी वाढव, आई म्हणते शेणखत वाढवा. वाढवलेलं शेणखत वाहणार कोण, त्यावर दोघंही काही बोलत नाहीत.

खाचर_बांध:

दादा, खत वाढवू नका. तुमच्या वर्णनातच दुखणं आहे: दुसरा युरिया गणपतीत.

हिशेब मांडू. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेरलेलं १२० दिवसांचं भात जुलैच्या सुरुवातीला लावलं जातं. लावणीनंतर २०-२५ दिवसांनी, म्हणजे जुलैअखेर, फुटवे येत असतात. युरियाचा खरा हप्ता तेव्हाचा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बुंध्यात लोंबी धरते, तेव्हा शेवटचा छोटा हप्ता. गणपती येतात ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तोवर भात पोटरीत (लोंबी अजून ताटातच) किंवा फुलोऱ्यात असतं. तेव्हाचा युरिया दाण्यात जात नाही, पानात जातो. पान मऊ पडतं, करपा आणि कडा करपा त्याच पानावर बसतात, ताट लोळतं, दाणा पोचट राहतो. पळिंजाला इतरही कारणं असतात, फुलोऱ्यातला पाऊस आहे, लोंबीवरचा ढेकण्या आहे. पण हिरवंगार, लोळलेलं आणि पोचट हे तिन्ही एकत्र दिसलं की मी आधी युरियाची तारीख विचारतो.

मात्रा अशी. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश ही कोकणातली नेहमीची शिफारस. गुंठ्याला १ किलो, अर्धा, अर्धा. तुमच्या २५ गुंठ्यांना:

सुफला १५:१५:१५, ८३ किलो, शेवटच्या चिखलणीत, चिखलात मिसळून. वर भुरभुरवायचं नाही. जांभ्याच्या मातीतलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं, ते मुळांजवळच पडलं पाहिजे.

युरिया १८ किलो, फुटव्यांच्या वेळी.

युरिया ९ किलो, लोंबी धरताना.

पुस्तकात नत्राची विभागणी ४०-४०-२० आहे, सुफला वापरल्यावर ती साधारण ५०-३३-१७ होते. चालतं. युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे, म्हणजे एका गोणीतसुद्धा बराच उरेल. तो पुढच्या वर्षासाठी ठेवायचा, "आणलाय तर टाकून टाक" करायचं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. हे दोन हप्ते तारखेवर चालत नाहीत, खाचराच्या अवस्थेवर चालतात. फुटव्यांचा युरिया बेणणी झाल्यावरच, नाहीतर तण खातं. टाकण्याआधी खाचरातलं पाणी दोन-तीन सेंटिमीटरवर आणायचं, वरच्या आणि खालच्या दोन्ही मोऱ्या (पाण्याच्या वाटा) बंद करायच्या, टाकल्यावर एक-दोन दिवस बंदच ठेवायच्या. वरच्या खाचरातून खालच्यात पाणी वाहत असताना टाकलेला युरिया शेजाऱ्याच्या शेतात जातो, तिथून ओढ्याला. लोंबी धरली का ते बघायला मुख्य ताट बुंध्यापासून उभं चिरायचं. आत तळाशी एक-दोन मिलिमीटरचं पांढरं, लवदार टोक दिसलं की वेळ झाली.

बेणणी संपली का, उद्या उघडीप आहे का, कुठल्या खाचराची मोरी फुटली आहे, हे भांडुपहून कोणाला कळणार? वहिनींना कळतं. मग गोणी त्यांच्या ताब्यात आणि हप्त्याचा निर्णयही त्यांचाच, इतकं सरळ आहे. रविवार बघून खत टाकणाऱ्या नोकरदार शेतीत बरंच खत असंच वाया जातं, आणि नंतर "मातीत दम राहिला नाही" म्हणून खापर मातीवर.

चुना: भाताला नको. खाचरात पाणी साठलं की दोन-तीन आठवड्यांत आम्लधर्मी मातीचा सामू आपोआप ६.५ च्या पुढे सरकतो. पाणी हटलं की परत खाली येतो. भातासाठी ५.६ ही अडचणच नाही. भाजीच्या वाफ्याची गोष्ट वेगळी, त्यावर कोणीतरी लिहील.

एक शंका आहे. स्फुरद कुठल्या पद्धतीने काढलं ते कागदावर बघा. आम्ल मातीला ब्रे पद्धत लागते. ओल्सन पद्धत उदासीन आणि विम्ल मातीसाठी आहे, तिने काढलेला आकडा तुमच्या मातीत फसवा निघू शकतो.

उकिरडा:

आईंचं म्हणणं मातीच्या दृष्टीने बरोबर आहे, पण "शेणखत वाढवा" हे बोलायला सोपं. वजन मांडून बघा.

लहान चणीची गावठी गाय दिवसाला ७-८ किलो ओलं शेण देते. दोन जनावरं धरू. दिवसा चरायला गेली की निम्मं रानात पडतं, गोठ्यात उरतं दिवसाला ७-८ किलो. वर्षाला २,७०० किलोच्या आसपास. कुजून, पाणी उडून त्याचं उरतं निम्मं, १,३०० किलो. शिफारस गुंठ्याला १०० किलो, म्हणजे २५ गुंठ्यांना अडीच टन. जेवढं लागतं त्याच्या निम्मंच घरात आहे, तेही एकही शेणी थापली नाही तर. निम्म्या शेण्या झाल्या तर उरलं ६५० किलो. ते सगळीकडे भुरभुरवलं तर गुंठ्याला २६ किलो. त्याने मातीला काही जाणवणारही नाही.

आता वाहतूक. भरलेली पाटी २० किलो. १,३०० किलोला ६५ खेपा. खाचर घरापासून अर्धा-पाऊण किलोमीटर असेल तर भरणं, जाणं, पसरणं, परतणं मिळून २५ मिनिटं. एकूण २७ तास डोक्यावर ओझं. आणि हे सगळं मे महिन्यात, आगोटीची (पावसाळ्याआधीच्या साठवणीची) लाकडं, राब, कौलं शाकारणं, सगळं एकत्र आलेलं असताना. म्हणून शेणखत लांबच्या खाचरापर्यंत पोचत नाही, घराजवळच्या दोन तुकड्यांत पडत राहतं. कुठलंही गाव बघा, घराजवळचा तुकडा काळा आणि लांबचा तांबडा. माती मुळात वेगळी नसते, पाटी तिथवर गेलेली नसते.

तर माझ्या मते:

शेण वाढवण्याआधी आहे ते धुपू देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो. उघड्या उकिरड्यातलं पालाश आणि नत्र पहिल्या पंधरवड्यात काळं पाणी होऊन गटाराला लागतं, मे महिन्यात तुम्ही वाहता तो चोथा. उकिरड्याभोवती वीतभर उंच बांध घाला, तळ चोपून घ्या, वर झावळ्यांचा मांडव किंवा ताडपत्री. हे काम पुरुषांचं, एका सुट्टीत होतं आणि त्याचा फायदा त्या २७ तासांना होतो. तेवढ्याच खेपांत जास्त खत जातं.

गोमूत्र. जनावराच्या उत्सर्गातलं जवळपास निम्मं नत्र आणि बहुतेक पालाश मुतात असतं, शेणात नाही. गोठ्यात रोज दोन-तीन पाट्या पातेरा किंवा खराब पेंढा अंथरा, भिजला की उकिरड्यावर. जनावर न वाढवता खत वाढतं ते असं.

चुलीची राख उकिरड्यात टाकू नका. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरी टाकतात. राख विम्ल, शेणात मिसळली की त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. नाकाला झोंबणारा वास म्हणजे उडालेलं खत. राख झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवा आणि भाजीच्या वाफ्याला द्या, वर्षातून एकदा गुंठ्याला ५ किलोच्या आसपास. सामू ५.६ वर पालक खुरटतो, तिथे राख चुन्याचं काम करते आणि पालाशही देते. चुलीत प्लास्टिक पेटवलेलं असेल तर ती राख नको. राख आणि युरिया एका दिवशी एका वाफ्यात नको, कारण तेच.

आणि ओलं शेण रोज थोडं थोडं शेतावर नेऊ असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. ओल्या शेणात पाचात चार भाग पाणी. वहिनींनी पाणी का वाहायचं?

नाडेप टाकीचंही कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढलेली पद्धत चांगलीच आहे. १० बाय ६ बाय ३ फुटांची विटांची टाकी, १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९०-१०० किलो शेण, १,७५० किलो चाळलेली माती, तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत. पण तिला दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं. १५ लिटरचा हंडा धरला तर शंभराच्या वर हंडे, आणि ही टाकी बहुतेक जण भरतात उन्हाळ्यात, विहिरीचा तळ दिसत असताना. करायचीच तर सप्टेंबर-ऑक्टोबरात भरा, ओला गवत-पाला असतो, पाणी फार घालावं लागत नाही.

गोरेगावकरीण:

थोडं बाहेरचं, पण याच मुद्द्याचं. १९९६ साली प्रसिद्ध झालेला बुर्किना फासोचा एक अभ्यास या विषयात सगळीकडे सांगितला जातो. तिथे एकाच कुटुंबात नवऱ्याचं शेत वेगळं, बायकोचं वेगळं. तेच पीक, तेच वर्ष, तेच घर, तरी बायकांच्या शेतात उत्पन्न सुमारे ३० टक्के कमी. कारण शेणखत जवळजवळ सगळं पुरुषांच्या शेतात पडत होतं आणि मजूरही तिकडेच जास्त. तेच खत आणि मजूर घरातल्या घरात नीट वाटले असते तर एकूण उत्पन्न सुमारे ६ टक्के वाढलं असतं. म्हणजे नुकसान बाईचंच होतं असं नाही, घराचं होतं. खताचा पहिला हात मातीत जास्त काम करतो, पाचवा हात कमी. एका तुकड्याला पाचवा हात देऊन दुसऱ्याला पहिलाही न देणं हा सरळ तोटा आहे.

घानात दिसलं ते जमिनीच्या हक्काबद्दल. पड टाकली तर शेत हातचं जाईल अशी भीती ज्यांना, त्यांनी पड कमी टाकली, त्यात बायका जास्त. माती तिथेच थकली.

आपल्याकडे बायकोचं शेत वेगळं नसतं हे खरं. पण वरकस आणि परस बघा. नाचणी, वरी, उडीद, बांधावरची तूर, परसातला भोपळा आणि माठ, हे कोणाच्या अखत्यारीत? गोणीतलं खत तिथे कधी जातं का? "बायकांचं पीक" म्हटलं की त्याला सुफलाचा दाणा मिळत नाही. वरच्या उत्तरांतही २५ गुंठ्यांचा हिशेब आहे, १० गुंठ्यांचा नाही.

मराठवाड्यात स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेचं एक एकर मॉडेल आहे, २०१७ साली त्याला इक्वेटर पुरस्कार मिळाला. कुटुंबाच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर बाईने निर्णयासाठी मागून घ्यायचा, तिथे काय पेरायचं आणि काय टाकायचं हे तिने ठरवायचं, भर खाण्याच्या पिकांवर आणि सेंद्रिय खतांवर. कोकणातल्या ३५ गुंठ्यांना एकराचं माप लागू नाही, पण ५ गुंठे निर्णयाचे काढून द्यायला काय हरकत आहे? त्यातलं शेणखत आणि पैसा दोन्ही तिचं.

सज्जा_चावडी:

खतावर बोलणार नाही, कागदावर बोलतो, थोडक्यात.

आईचं नाव सातबाऱ्यावर नाही असं दिसतंय. वडील वारल्यावर आई, मुलं, मुली सगळे पहिल्या वर्गाचे वारस. जुन्या फेरफारांत विधवेचं आणि मुलींचं नाव कब्जेदार सदराऐवजी "इतर हक्क" मध्ये लिहायची पद्धत होती. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तो काढा आणि उजवीकडचं इतर हक्काचं सदर वाचा, मग वारसाचा फेरफार मागवा. हक्कसोड केलेली नसेल तर बहिणींचंही बघा, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा हक्क आणखी पक्का केला आहे.

वहिनींसाठी लक्ष्मीमुक्ती. कल्पना शेतकरी संघटनेच्या चळवळीतली, १९९२ साली शासनाने तिला आदेशाचं रूप दिलं. नवरा हयात असताना पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं, तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज. पण हे नवऱ्याच्या हिश्श्यापुरतं. तुमची जमीन काकांबरोबर सामाईक आहे, म्हणून आधी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप केलंत तर पुढचं सोपं.

याचा मातीशी संबंध काय? शेतकरी ओळख क्रमांक खातेदाराला मिळतो, अवजारं, गांडूळ खताचं युनिट, ताडपत्री, सगळ्याचा अर्ज त्यावर. देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेत शेती कसणाऱ्या खातेदारांत बायका सुमारे १४ टक्केच. राबणाऱ्या किती, ते कोणालाही विचारा.

खत विकत घेणं मात्र सातबाऱ्यावर अडत नाही. दुकानातल्या पॉस (विक्री नोंदवायच्या) यंत्रावर आधार लागतं, वहिनी स्वतः घेऊ शकतात. अडचण वेगळीच येते, राखेने भांडी घासून आणि लावणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा लागत नाही. दुसरी बोटं लावून बघायची, हात धुऊन, कोरडे करून. नाहीच लागलं तर मतदार ओळखपत्र किंवा किसान क्रेडिट कार्डावरही नोंद होते. दुकानदार "दादांना पाठवा" म्हणेल, ऐकू नये.

भांडुप_पश्चिम:

सगळ्यांचे आभार. युरियाची तारीख डोक्यात शिरली. उडदाला आणि नाचणीला कधी खत दिलं नाही हेही खरं.

गावात चारसूत्री पद्धतीच्या गोळ्यांची चर्चा आहे. एकदाच खत खोचायचं, वरून युरिया नाही. मग तारखेचा प्रश्नच मिटतो ना?

चिखलणी:

मिटतो. पण दुसरा उभा राहतो, तो आधी ऐका.

चारसूत्री म्हणजे चार गोष्टी. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, म्हणजे रोपवाटिकेत तुसाची काळी राख आणि खाचरात पेंढा. गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) हिरवा पाला गुंठ्याला ३० किलो, लावणीआधी आठवडाभर. नियंत्रित लावणी, दोरीवर १५-२५ सेंटिमीटरची जोडओळ. आणि युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी, चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध एक, ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी. गुंठ्याला ६२५ गोळ्या. नत्र हेक्टरी १०० किलोऐवजी ६० च्या आतच लागतं, कारण गोळी चिखलाच्या खालच्या थरात असते, तिथे हवा नाही, नत्र अमोनियमच्या रूपात टिकून राहतं आणि हळूहळू मुळांना मिळतं. पद्धत उत्तम आहे, यात वाद नाही.

आता ६२५ गुणिले २५. पंधरा हजार सहाशे पंचवीस वेळा वाकून, बोट चिखलात घालायचं. मिनिटाला दहा-अकरा धरल्या तर गुंठ्याला एक तास, एकूण २५ तास. पूर्वी दोन वेळा अर्धा-अर्धा तास युरिया फेकायचा, तो पुरुष. आता २५ तास, ती बाई, आणि लावणीच्याच दिवशी, जेव्हा तिची कंबर आधीच मोडलेली असते. वाचलेल्या गोणीचे पैसे भांडुपला, वाढलेले तास महाडला. म्हणून कितीतरी घरांत ही पद्धत दोन हंगाम चालून बंद पडते, आणि अहवालात "शेतकऱ्यांचा प्रतिसाद कमी" असं लिहिलं जातं. कुठल्या शेतकऱ्याचा ते लिहीत नाहीत.

थकलेल्या हाताने काय होतं तेही बघा. गोळी दोन-तीन सेंटिमीटरवरच सुटते. तेवढ्या वरच्या थरात ती विरघळली तर फेकलेल्या युरियात आणि तिच्यात फरक नाही. किंवा चुडाच्या अगदी मुळाशी जाते आणि रोप करपतं. किंवा दोरी सोडून लावलेल्या खाचरात चार चुडांचा मध्यच सापडत नाही.

उपाय एवढाच: चिखलणी संपली की मोकळा होणारा पुरुष लावणी करणाऱ्या बायकांच्या मागे गोळ्या खोचत जाईल. चिखलणी पुरुषाची आणि लावणी बाईची हा जुना रिवाज आहे, गोळी नवीन आहे. ती कोणाची हे अजून कोणत्याही रिवाजाने ठरवलेलं नाही, म्हणून ठरवून टाका. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोघा भावांनी तीन दिवस रजा काढा. गणपतीतली एक रजा वाचलीच आहे.

आणखी: गोळ्या पाण्यात हात घालून काढू नका, ओल धरतात आणि चिकटतात, कमरेला प्लास्टिकची पिशवी बांधा. पाणी पाझरणाऱ्या रेताड खाचरात ही पद्धत नको, नत्र खाली झिरपून जातं. आणि गोळीत पालाश नाही. ते पेंढ्यातून आणि राखेतून यायचं असतं. तुमचा पेंढा जनावरं खातात किंवा विकला जातो, तेव्हा पालाश वेगळं द्यावं लागेल किंवा पेंढा खाल्लेल्या जनावराचं मूत अंथरुणात धरून परत आणावं लागेल. वर उकिरडाने सांगितलंय तेच.

पहिल्या वर्षी फक्त ५ गुंठे करा.

गिरिपुष्पाबद्दल राहिलं. शेणखताच्या खेपा कमी करणारी हीच एक गोष्ट आहे, कारण पाला बांधावरच वाढतो. जूनमध्ये मीटरभर लांबीच्या जाड फांद्या बांधावर खोचा, पहिलं दीड-दोन वर्ष तोडू नका, मग मीटरभर उंचीवर छाटत राहा. ३० किलो ओल्या पाल्यात साधारण अर्धा किलो युरियाएवढं नत्र असतं. पण बांधावर झाड लावणं म्हणजे मालकी सांगणं, ते वहिनींनी परस्पर केलं तर काका विचारतील. तेव्हा ती परवानगी तुम्ही मुंबईत बसून आधी घ्या. तुमच्या सातबाऱ्याचा त्यांना हा एक खरा उपयोग.

भांडुप_पश्चिम:

धागा वहिनींना फोनवर वाचून दाखवला. गोळ्यांच्या हिशेबावर हसल्या. त्यांचे दोन प्रश्न, त्यांच्याच शब्दांत:

"राब भाजू नका असं सगळे सांगतात. मग राबातलं तण कोण काढणार, ते येतील का?"

"वाल उपटायचे की कापायचे?"

उकिरडा:

ताई, पहिला प्रश्न बिनतोड आहे. राबात पालापाचोळा, शेण, गवत, माती यांचे थर जाळतात ते खतासाठी कमी आणि तणाचं बी मारण्यासाठी जास्त. जाळल्याने शेणातलं नत्र जातं, ऐनाची झाडं बोडकी होतात, सगळं खरं. पण राब नुसता बंद केला तर अडीच गुंठ्यांच्या रोपवाटिकेत जूनमध्ये वाकून तण काढणं तुमच्याच वाट्याला येतं. त्यामुळे बदली काय ते आधी.

धूळवाफेची (पावसाआधी कोरड्या मातीतली) पेरणी सोडायची. पहिला चांगला पाऊस झाला की जमीन उकरून सात-आठ दिवस तशीच ठेवायची, तण उगवू द्यायचं. मग वरवर कुळवून किंवा खरवडून ते मोडायचं, खोल नांगरायचं नाही, नाहीतर खालचं बी वर येतं. त्यावर हातभर उंच नाही, चार बोटं उंचीचे गादीवाफे, रुंदी सव्वा मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून हात पोचतो. बियाणं रहू करून पेरायचं: २४ तास भिजवून, मग गोणपाटात दाबून दीड-दोन दिवस उबेत. मोड आलेलं भात तणाच्या पुढे पळतं. यात पेरणी आठवडाभर लांबते, ते आधीच धरून चाला.

तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो सांगतात. अडीच गुंठ्यांना ती सव्वाशे ते अडीचशे किलो होते, घरच्या तुसात भागत नाही, भातगिरणीवरून आणावी लागते. ती टेम्पोने आणून टाकायचं काम भावांना द्या. निम्म्या राबावर यंदा हे करा, निम्मा नेहमीसारखा भाजा, आणि दोन्हीकडे तण काढायला किती वेळ लागला तो मोजा.

दुसऱ्याचं उत्तर: कापायचे, विळ्याने, जमिनीलगत. मुळं आणि त्यांवरच्या गाठी मातीत राहू द्यायच्या. उपटले की त्या मातीसकट खळ्यावर जातात. पोपटीसाठी (मडक्यात भाजायला) ओल्या शेंगा तोडल्या तरी ताट उभं ठेवा, पाला गळू द्या. पेरताना १० किलो बियाण्याला रायझोबियमचं २५० ग्रॅमचं पाकीट, चवळी गटाचं बघून घ्यायचं, गुळाच्या पाण्यात कालवून चोळा आणि सावलीत सुकवा.

खाचर_बांध:

एक भर. पुढचा मातीचा नमुना वहिनींनी काढावा, मे महिन्यात, खत पडायच्या आधी. खाचराचा वेगळा, वरकसचा वेगळा, परसाचा वेगळा. सरकारी आरोग्यपत्रिकेचा नमुना जिरायतीत १० हेक्टरच्या चौकटीमागे एक असतो, त्यात तुमच्या ३५ गुंठ्यांऐवजी शेजाऱ्याची माती गेलेली असू शकते. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा जागा, व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या बाजूची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टेकवलेली जागा, राबाची जागा सोडायची. प्लास्टिकची बादली घ्या, पत्र्याची नको, तिच्यावरचा जस्ताचा थर उतरतो आणि कागदावर जस्त भरपूर दिसतं. ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत सुकवून कापडी पिशवीत, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी.

चिठ्ठीवर गट नंबराखाली मोबाईल नंबर वहिनींचा घाला.